गुडघाभर पाण्यातला पट्टेरी मासा आणि खोटी माशी (भरती-ओहोटीच्या पाठासाठी पूरक माहिती)



सातवीच्या भूगोलातला भरती-ओहोटीचा पाठ आमच्यासारख्या समुद्रकाठच्या शाळेत शिकवताना एक गंमत होते. मुलांना तो आधीच येत असतो. फळ्यावर चंद्र-सूर्य काढायच्या आत मागच्या बाकावरून आवाज येतो, "बाई, आज चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. तीन वाजता पूर्ण भरती." तिथीची पाऊणपट काढायचा हा हिशेब त्यांना घरातूनच मिळालेला असतो. उधाण आणि भांग हे शब्द तर पुस्तकाआधी त्यांच्या तोंडात असतात. मग बाईंनी नवीन काय सांगायचं?

म्हणून या वर्षी मी पाठाची सुरुवात एका व्हिडिओने केली. माझा मावसभाऊ नोकरीसाठी बरीच वर्षं अमेरिकेत बॉस्टनजवळ राहतो. त्याला तिकडे मासे गरवायचा नाद लागला आहे. त्यानं पाठवलेल्या व्हिडिओत तो किनाऱ्यापासून खूप लांब, पण गुडघाभरच पाण्यात उभा आहे. होडी नाही, जाळं नाही. हातात लांब काठी आहे आणि तो ती टाकतच नाही! नुसता पाण्याकडे बघत उभा. मुलं चुळबुळ करायला लागली. मग एकदम त्यानं दोरी मागे-पुढे फिरवून टाकली, हळूहळू ओढली आणि हातभर लांबीचा, अंगावर काळ्या रेघा असलेला मासा आला. त्यानं गळ काढला, मासा पाण्यातच दोन्ही हातांनी धरला आणि सोडून दिला.

वर्ग गप्प. मग ज्याचे वडील रापणीला जातात तो मुलगा म्हणाला, "बाई, सोडायचाच होता तर धरला कशाला?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. त्यापुढचे तीन दिवस आमचा वर्ग याच माशाभोवती फिरत होता. त्यात जे शिकलो ते इथे देते आहे. तुमच्या वर्गाला कामाला येईल.

हे ठिकाण कुठे आहे?

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स राज्य आहे. नकाशात बघा, त्याचा एक भाग कोपरात वाकवलेल्या हातासारखा समुद्रात गेलेला दिसेल. तो केप कॉड. फळ्यावर काढायला अगदी सोपा. कोपराच्या टोकाला चॅथम गाव आणि त्याखाली दक्षिणेकडे लोंबणारं मोनोमॉय बेट. हाताच्या आतल्या बाजूला जो उपसागर होतो त्याच्या काठी ब्रूस्टर गाव. या दोन्ही ठिकाणी समुद्राचा तळ इतका सपाट आहे की ओहोटीला मैलभर पुळण उघडी पडते. तिकडे याला 'फ्लॅट्स' म्हणतात. आपण उथळ वाळूचे पट्टे म्हणू.

इथे एक छोटा हिशेब मुलांकडून करून घ्या. आतल्या उपसागरात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साधारण ३ मीटरचा फरक पडतो. समजा तळ ५०० मीटर चालल्यावर फक्त १ मीटर उतरतो. तर ३ मीटर पाणी उतरलं की समुद्र किती मागे जाईल? १५०० मीटर. आता हाच ३ मीटरचा फरक एखाद्या उभ्या कड्याला असेल तर? पाणी मागे जाणारच नाही, फक्त कड्यावर ओली रेघ दिसेल. वही आडवी आणि मग तिरकी धरून दाखवली की मुलांना पटकन कळतं. 'भरती मोठी' आणि 'पाणी लांबवर जातं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या हुशार पाऊणपटवाल्यांनाही नवीन होतं.

आता मासा. त्याचं नाव स्ट्राईप्ड बास. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या आडव्या रेघा, जणू कुणी पट्टी ठेवून आखल्यात. कोळी त्याला लाडानं 'स्ट्रायपर' म्हणतात आणि दक्षिणेला मेरीलँड राज्यात तोच 'रॉकफिश' होतो. हा मासा राहतो समुद्रात, पण अंडी घालायला वसंतात नद्यांच्या गोड्या पाण्यात चढतो. आपला जिताडा याच्या बरोबर उलट, तो वाढतो खाडीत-नदीत आणि अंड्यांसाठी खाऱ्या पाण्याकडे उतरतो. मुलांना ही जोडी फार आवडली. स्ट्रायपरची सगळ्यात मोठी बाळंतखोली म्हणजे चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्या, त्याशिवाय न्यूयॉर्कची हडसन नदी. अंडी प्रवाहाबरोबर तरंगत जातात आणि दोनेक दिवसांत फुटतात. पिल्लं काही वर्षं तिथेच वाढतात. मोठे झालेले मासे वसंतात किनाऱ्याने उत्तरेकडे निघतात, मे महिन्यात केप कॉडला पोचतात आणि थंडीच्या तोंडावर परत फिरतात.

एवढा मोठा मासा गुडघाभर पाण्यात का येतो? खायला! भरतीचं पाणी चढायला लागलं की वाळूत दडलेले खेकडे, कोळंबी आणि सँड ईल नावाचे बोटाएवढे बारीक मासे हलायला लागतात. स्ट्रायपर पाण्याबरोबर पट्ट्यावर चढतो आणि ओहोटी लागली की खोल चरांतून खाली उतरतो. पण तो घाबरलेला असतो. उथळ पाण्यात वरून पक्षी, मागून सील. मोनोमॉयच्या आसपास करड्या सीलची मोठी वस्ती आहे. त्यामुळे पाण्यावर सावली पडली तरी तो नाहीसा होतो.

आधी दिसला पाहिजे

व्हिडिओतला माझा भाऊ नुसता का उभा होता, त्याचं उत्तर इथे आहे. आपण गरी टाकतो तेव्हा मासा कुठे आहे ते माहीत नसतं. आमिष टाकायचं आणि वाट बघायची. इथे उलट असतं. आधी मासा डोळ्यांनी शोधायचा, मग त्याच्याच पुढ्यात टाकायचं. म्हणून यात निम्म्याहून जास्त काम डोळ्यांचं आहे.

मासा वरून वाळूच्या रंगाचा दिसतो. भाऊ म्हणतो, मासा शोधू नकोस, त्याची सावली शोध. सूर्य वर आला की वाळूवर पडलेली काळी सावली सरकताना दिसते आणि मग तिच्या वरचा मासा. कधी मासा दिसतच नाही, फक्त पाण्यावर एका जागी बारीक सुरकुती उठते, आजूबाजूचं पाणी मात्र शांत. तेवढ्यावरून ओळखायचं. सूर्य पाठीशी ठेवायचा आणि ढग आले की थांबायचं.

पाण्यावरची चकाकी ही मोठी अडचण. त्यासाठी पोलराइज्ड चष्मा लागतो. पाण्यावर आपटून परत येणारा उजेड बराचसा आडव्या दिशेने कंप पावत येतो. चष्म्याची काच आडवा कंप अडवते आणि उभा सोडते. गजांच्या खिडकीतून पट्टी आत घालायची असेल तर ती उभी धरली तर जाते, आडवी अडकते, तसंच काहीसं. (अगदी काटेकोर उदाहरण नाही हे, पण सातवीला चालतं.) उजेड पाण्यावर लंबापासून ५३ अंशांनी तिरका पडला तर परत येणारा सगळाच उजेड आडवा होतो. हा नियम १८१५ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने मांडला. आणि मासे बघायचं गावही ब्रूस्टर! मला वाटलं, वा, शास्त्रज्ञाचं नाव गावाला दिलं. पण नाही. गावाचं नाव १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या विल्यम ब्रूस्टर यांच्यावरून आहे. दोघांचा संबंध नाही. शास्त्रज्ञ ब्रूस्टर मात्र आपल्या मुलांचे ओळखीचे आहेत, कारण तीन आरसे आणि बांगड्यांचे तुकडे घालून आपण जो शोभादर्शक करतो, तो त्यांनीच शोधला.

दुसरी अडचण अपवर्तनाची. मासा जिथे दिसतो त्यापेक्षा खाली असतो. हे दहावीच्या विज्ञानात येतं, पण माझ्या वर्गातला एकजण म्हणाला, "आजोबा टोचून मासा मारतात तेव्हा खालीच नेम धरतात." झालं, प्रयोगाची गरजच उरली नाही. तरी आम्ही वाटीत नाणं ठेवून पाणी ओतायचा प्रयोग केला. पाणी ओतलं की कडेआड गेलेलं नाणं वर येतं.

माशाला बाहेरचं जग कसं दिसतं, हा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटला. पाण्यातून वर बघताना बाहेरचं सगळं आकाश, किनारा, माणसं ही साधारण ९७ अंशांच्या एका गोल झरोक्यात गोळा झालेली दिसतात. झरोक्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो. उभा माणूस झरोक्यात उंच दिसतो, वाकलेला आणि लांबचा माणूस कडेला चेपून जातो. म्हणून अनुभवी माणसं पाण्यात वाकून चालतात आणि पाय न उचलता सरकवतात. आम्ही वर्गात तसं चालून बघितलं. शेजारच्या वर्गाच्या बाई बघायला आल्या होत्या.

दोरीचं वजन, माशीचं नाही

आपल्या गरीला शिसं बांधतात. शिसं फेकलं की तंगूस त्याच्यामागे ओढली जाते. पण फ्लाय फिशिंगमध्ये गळाला जे बांधलेलं असतं ते पिसं, केस, चमकीचे धागे. नाव 'फ्लाय' म्हणजे माशी. (माशी लावून मासा, मुलांनी यावर भरपूर विनोद केले.) तिला वजन जवळजवळ नाहीच. मग ती पंधरा-वीस मीटर जाते कशी?

इथे वजन दोरीत असतं. दोरी जाड, प्लॅस्टिकचा थर दिलेली आणि टोकाकडे निमुळती असते. तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून तिला क्रमांक देतात. या माशासाठी साधारण ८ ते १० क्रमांकाची वापरतात. ९ क्रमांकाची म्हणजे त्या ३० फुटांचं वजन सुमारे साडेपंधरा ग्रॅम. काठी मागे झटकली की दोरी मागे जाऊन सरळ होते, तिच्या वजनाने काठी वाकते, आणि वाकलेली काठी सुटताना दोरीला पुढे फेकते. दोरीच्या टोकाला बारीक पारदर्शक धागा, त्याच्या टोकाला माशी. कसब फक्त थांबण्यात आहे. दोरी मागे पूर्ण सरळ व्हायच्या आत घाई केली तर सगळं डोक्यावर येऊन पडतं.

मैदानावर करून बघा. कापसाचा बोळा नुसता फेकायला सांगा, दोन हात जात नाही. मग तोच बोळा सात-आठ फूट सुती दोरीच्या टोकाला बांधा आणि दोरी चाबकासारखी फिरवून पुढे सोडायला सांगा. बोळा दोरीच्या जिवावर जातो. गळ मात्र बांधायचा नाही, हे सांगायला नकोच.

माशी बांधणं ही वेगळीच हस्तकला आहे. मेरीलँडच्या लेफ्टी क्रे यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी चेसापीकमधल्या याच माशासाठी 'डिसीव्हर' म्हणजे 'फसवी' नावाची माशी बनवली. १९९१ मध्ये तिचं चित्र अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आलं. दुसरी प्रसिद्ध माशी बॉब क्लाउझर यांची. गळावर हरणाच्या शेपटीचे केस आणि जड धातूचे दोन डोळे. डोळ्यांच्या वजनाने गळ उलटा होतो, टोक वर राहतं, म्हणून वाळूत रुतत नाही. दोरी ओढली की माशी उडी मारते, थांबलं की नाक खाली करून बुडते. थेट घाबरलेला सँड ईल!

एवढं करूनही मासा बरेचदा मागे येतो, बघतो आणि वळून जातो. भाऊ सांगतो, पहिल्या उन्हाळ्यात त्याला एकही मिळाला नाही. एकाने माशी तोंडात घेतली, तर यानं सवयीने काठी वर उचलली आणि माशी सुटली. इथे काठी खालीच ठेवून डाव्या हाताने दोरी ओढायची असते.

एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगा. मैलभर आत उभ्या माणसाला धोका समोरच्या लाटेचा नसतो. पाणी चढताना आधी पाठीमागचे खोल चर भरतात. आपण वाळूच्या उंचवट्यावर घोटाभर पाण्यात असतो आणि मागे परतीच्या वाटेवर छातीभर पाणी झालेलं असतं. त्यात धुकं आलं तर किनारा कुठल्या बाजूला तेही कळत नाही. भाऊ होकायंत्र आणि भरतीचं वेळापत्रक घेतल्याशिवाय जात नाही. आमच्या पुळणीवर सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांना हे कोण सांगणार, असं एक मुलगी म्हणाली. तिचं घर किनाऱ्यालाच आहे.

आता त्या प्रश्नाकडे

सोडायचाच तर धरायचा कशाला?

आधी हे बघा की सोडणं नेहमी मर्जीचं नसतं. हा मासा तिकडे फार जुन्या काळापासून मोलाचा आहे. १६३९ मध्येच मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने कॉड आणि बास शेतात खत म्हणून घालायला बंदी केली. इतके मासे होते की लोक खत करत होते! आणि आपल्यासाठी त्याहून गोड गोष्ट म्हणजे १६७० मध्ये प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या बास, मॅकेरल (आपल्या बांगड्याचा लांबचा भाऊबंद) आणि हेरिंग या मासेमारीच्या उत्पन्नातून मोफत शाळा चालवायचं ठरवलं. माशांच्या पैशावर शाळा!

पुढे १९७० च्या दशकाच्या शेवटी हा मासा झपाट्याने कमी झाला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने त्याच्यासाठी खास कायदा केला. मेरीलँडने १९८५ ते १९९० अशी पाच वर्षं तो धरायलाच पूर्ण बंदी घातली. ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांचं काय झालं असेल, हे रापणीवाल्यांच्या मुलांना सांगावं लागलं नाही. पण मासा परत आला. १९९५ मध्ये तो सावरल्याचं जाहीर झालं.

आणि आता पुन्हा घसरतो आहे. २०१९ मध्ये तो प्रमाणाबाहेर मारला गेल्याचं जाहीर झालं. मेरीलँडमध्ये १९५४ पासून दर उन्हाळ्यात ठरलेल्या जागी किनाऱ्यावरून जाळं ओढून पिल्लं मोजतात. आपल्या रापणीची धाकटी बहीणच म्हणा. एका ओढीला सरासरी ११ च्या आसपास पिल्लं यायची, १९९६ मध्ये तर ५९ आली होती. २०२३ मध्ये आलं १. हिवाळा उबदार आणि वसंतात नद्यांना पाणी कमी, याचा पिल्लांवर परिणाम होतो असं अभ्यासक सांगतात.

म्हणून नियम कडक आहेत. समुद्रकिनाऱ्यावर छंदाने मासे धरणाऱ्याला दिवसाला एकच मासा ठेवता येतो, तोही २८ ते ३१ इंच म्हणजे साधारण ७१ ते ७९ सेंटिमीटरचा. लहान सोडायचा, हे मुलांना पटलं. मोठा का सोडायचा? कारण मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त. आधी ही वरची मर्यादा ३५ इंच होती. २०१५ मध्ये जन्मलेली माशांची मोठी पिढी नेमकी त्या मापात आली, तेव्हा २०२३ मध्ये तातडीने ती ३१ वर आणली. २०१५ म्हणजे माझ्या मुलांच्या धाकट्या भावंडांचं वय. हे ऐकून वर्ग जरा शांत झाला.

पण मी इथेच थांबले असते तर अर्धवट सांगितल्यासारखं झालं असतं. सोडलेला प्रत्येक मासा जगत नाही. दमतो, गळ खोल लागतो, हाताळताना अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, पाणी गरम असेल तर धाप भरून येत नाही. तिकडची मत्स्य यंत्रणा हिशेबात धरते की सोडलेल्या १०० पैकी ९ मरतात. म्हणून जाणकार लोक गळाचा उलटा काटा चेपून टाकतात, हात ओले करतात आणि मासा पाण्याबाहेर काढतच नाहीत. माझ्या भावानेही तसंच केलं होतं. हौशी लोक कोट्यवधी मासे धरून सोडतात, त्यामुळे हे ९ टक्के लहान राहत नाहीत.

हे सांगितल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीने वहीत गुणाकार केला. "बाई, एकाने ३० धरले आणि तीसही सोडले, तर २.७ मेले. दुसऱ्याने एकच धरला आणि घरी नेऊन खाल्ला, तर एकच मेला. मग चांगला कोण?"

रापणीवाल्याचा मुलगा लगेच म्हणाला, "खाल्ला तो." बाकीच्यांनी गलका केला. एकजण म्हणाला, पण ज्याला धरायची हौस आहे तोच तर माशासाठी भांडेल. तेही खोटं नाही, कारण कडक नियम मागणाऱ्यांत हौशी मासे धरणारे पुष्कळ आहेत. हा हिशेब मी रात्री भावाला पाठवला. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. "असा कधी मोजला नव्हता. मुलीला सांग, मोजतो."

मुलीला सांगितलं. तिची शंका मात्र वेगळीच होती. "बाई, २.७ मासे मेले म्हणजे ते शेवटचे ०.७ कसे मरतात?" घंटा झाली म्हणून सुटले. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला सरासरी शिकवायला घेतली.